डेंटिनचे प्रकार: डबे बरोबर, पण गाड्या किती?

हळदबाजार (सांगली), सोमवार रात्री ९.१०

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: डेंटिनचे (इनॅमलच्या कवचाखालच्या दाताच्या मुख्य कठीण भागाचे) प्रकार सांगा. मग एका दमात मँटल, सर्कमपल्पल, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, पेरिट्युब्युलर, इंटरट्युब्युलर, इंटरग्लोब्युलर, स्क्लेरोटिक अशी आगगाडी सुटते. डबे सगळे बरोबर असतात, पण मिरज जंक्शनवर तीन गाड्यांचे डबे एकाच इंजिनाला जोडल्यासारखं होतं. मँटल (बाहेरचा थर) आणि सर्कमपल्पल (त्याच्या आतला) ही जागेवरून केलेली वाटणी. प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी ही काळावरून. पेरिट्युब्युलर (नळीभोवतीचं), इंटरट्युब्युलर (नळ्यांच्या मधलं) ही डेंटिनमधल्या बारीक नळीच्या हिशेबाने. एकच ठिपका सर्कमपल्पलही असतो, प्रायमरीही आणि इंटरट्युब्युलरही.

माझं म्हणणं असं की काळावरून केलेली वाटणीसुद्धा फार मनावर घेऊ नये. काम सगळं एकाच पेशीचं, ओडोंटोब्लास्टचं. दात घडताना ती जोरात काम करते ते प्रायमरी, नंतर सावकाश करते ते सेकंडरी, कीड लागली की पुन्हा कंबर कसते ते टर्शरी. मग स्लाइडवर आणि खुर्चीत हे वेगळे ओळखायचा अट्टाहास कशाला? चुकत असेन तर इस्कटून सांगा.

दंतकथा, सोमवार रात्री ९.२५

वाचनखूण साठवली. शेंगदाणे घेऊन बसलोय, दातांची काळजी घेत.

कृष्णाकाठ (कराड), सोमवार रात्री १०.०२

दोन तृतीयांश पटलं. टर्शरीपाशी गाडी रुळावरून घसरते, पण आधी बनतं कसं ते बघू, मग घसरगुंडी आपोआप दिसेल.

शेणानं जमीन सारवणारी बाई आठवा. ती भिंतीपासून सुरुवात करते आणि सारवत सारवत मागं सरकते. ओडोंटोब्लास्ट तसंच करते. दाताची कळी घंटेच्या आकाराची झाली की आतल्या बाजूच्या इनॅमल एपिथेलियमकडून इशारा मिळतो आणि त्याला लागून असलेल्या डेंटल पॅपिलातल्या पेशी उंच होऊन ओळीनं उभ्या राहतात. त्याच ओडोंटोब्लास्ट. त्यांनी डेंटिनचा पहिला थर घातल्यावरच समोरच्या अमेलोब्लास्ट इनॅमल घालायला घेतात, आधी नाही. मग दोघी एकमेकींपासून दूर जातात, एक बाहेर, एक आत. अमेलोब्लास्ट काम संपवून दात उगवताना नाहीशी होते, म्हणून झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. ओडोंटोब्लास्ट मात्र आयुष्यभर पल्पच्या (दाताच्या आतल्या मऊ, जिवंत भागाच्या) काठावर बसून राहते.

सारवणाऱ्या बाईत आणि हिच्यात फरक एवढाच की ही मागं सरकताना पदराचं टोक सारवणातच सोडून येते. ते टोक म्हणजे ओडोंटोब्लास्टची शेपटी, आणि तिच्याभोवती राहिलेली वाट म्हणजे डेंटिनची नळी.

पहिला थर मँटल, साधारण २० मायक्रॉनचा. त्यात कोलाजेनचे जाड धागे इनॅमलच्या दिशेनं उभे असतात आणि खनिज बसायला मॅट्रिक्स व्हेसिकल नावाच्या बारीक पुड्यांपासून सुरुवात होते. पुढच्या सर्कमपल्पल थरात धागे बारीक, नळ्यांना आडवे, आणि खनिज गोळ्यागोळ्यांनी बसतं. ते गोळे वाढत एकमेकांत मिसळले नाहीत तर मधे कच्च्या जागा राहतात, तेच इंटरग्लोब्युलर डेंटिन. ड जीवनसत्त्व कमी पडलं की या जागा वाढतात. बहुतेक वेळा मुकुटात, मँटलच्या खालोखाल सापडतात. म्हणजे हा 'प्रकार' नव्हेच, राहिलेलं काम आहे.

बेदाणा, सोमवार रात्री १०.१५

म्हणजे ही बाई सारवत सारवत खोलीच्या मध्यात येते आणि दार नसल्यामुळे कोंडली जाते?

कृष्णाकाठ, सोमवार रात्री १०.१८

अगदी. आणि म्हातारपणी खोली आणखी लहान होते. हवा येते ती फक्त मुळाच्या टोकाच्या छिद्रातून.

माणदेशी (दहिवडी), सोमवार रात्री १०.४०

वेगाचा हिशेब टाकतो. प्रायमरी डेंटिन दिवसाला साधारण ४ मायक्रॉन पडतं. म्हणजे १ मिमीला २५० दिवस. ग्राउंड सेक्शनमध्ये (दात घासून केलेल्या पातळ कापात) नळ्यांना आडव्या ज्या रोजच्या रेघा दिसतात त्या फॉन एबनरच्या, आणि जरा ठळक, अंदाजे २० मायक्रॉन अंतरावरच्या आँड्रेसेनच्या. पाच दिवसांचं काम एका पट्ट्यात.

दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढेत जन्माच्या वेळची एक वेगळी ठळक रेघ सापडते. ती दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागते म्हणून. त्या रेघेच्या इनॅमलकडचं डेंटिन आईच्या पोटातलं, पल्पकडचं बाहेरच्या जगातलं.

घातलेलं डेंटिन लगेच कडक होत नाही हेही सांगायला हवं. पेशीलगत १० ते ४० मायक्रॉनचा बिनखनिजाचा प्रीडेंटिनचा थर कायम असतो. तो शोभेचा नाही. हाड खाणाऱ्या जातीच्या पेशींना खनिज असलेला पृष्ठभाग लागतो, प्रीडेंटिन असेपर्यंत त्यांना पल्पच्या बाजूनं शिरकाव मिळत नाही. मार लागून हा थर फाटला तर आतून दात पोखरला जाण्याचा रस्ता मोकळा होतो.

हळदबाजार, मंगळवार सकाळी ७.३०

प्रीडेंटिनचं हे कारण शिकवताना सांगायलाच हवं, नुसती जाडी पाठ करून घेतात. पण सेकंडरीची सुरुवात कधी? दात उगवला की, असं बरेच जण लिहितात.

अजिंक्यतारा (सातारा), मंगळवार सकाळी ८.०५

मुळाचं काम पुरं झाल्यानंतर, हे जास्त धरून चालतात. पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, मुळं नवव्या-दहाव्या वर्षी पुरी होतात, त्यानंतरचं ते सेकंडरी. वेग खूप मंद. नळ्या सलग जातात पण सीमेवर एक वळण घेतात. आणि ते सगळीकडे सारखं पडत नाही: दाढेत पल्पच्या छताला आणि तळाला जास्त, बाजूच्या भिंतींना कमी. त्यामुळे तरुणपणीची चौकोनी खोली साठीत चपटी होते.

आरसीटी (रूट कॅनॉल) करणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. वीस वर्षांच्या दाढेत छत फोडलं की बर (ड्रिलचं कापणारं टोक) 'पडतो', हाताला मोकळं लागतं. पासष्टीच्या दाढेत छत आणि तळ एकमेकांना टेकल्यात जमा असतात, बर पडतच नाही आणि 'अजून थोडं, अजून थोडं' करत तळाला भोक पडतं. म्हणून आधी बाइटविंग एक्स-रेवर छतापर्यंतची उंची मोजून बरला खूण करायची. मान जिथे आहे, म्हणजे इनॅमल आणि सिमेंटमची (मुळावरच्या थराची) शीव, तीच तळाची पातळी धरायची. आणि रंग वाचायचा: तळ गडद करडा, भिंती त्याहून फिकट. गडद भाग जिथे फिकट भागाला भेटतो त्या रेघेवरच कॅनॉलची तोंडं असतात.

उसाचं_कांडं, मंगळवार सकाळी ८.२०

अवांतर पण नाहीही: आमच्या भागात मशेरी लावणाऱ्या बायकांचे दात मानेपाशी खाचा पडलेले आणि भाकरी, ऊस खाणाऱ्या जुन्या माणसांच्या दाढा सपाट झिजलेल्या. डेंटिन उघडं पडलेलं, पिवळं चमकतंय, तरी त्यांना थंड पाणी लागत नाही. आणि शहरातल्या पोराच्या दातावर लिंबू सरबताचा घोट गेला की दात शिवशिवतात. कुठलं टर्शरी आणि कुठलं काय?

डॉ_सुळा (मिरज), मंगळवार दुपारी १.१०

उसाचं_कांडं यांचा प्रश्न धाग्याच्या मधोमध बसतो, अवांतर अजिबात नाही.

दुखणं नळीतल्या द्रवाच्या हालचालीनं होतं. ब्रॅनस्ट्रॉमची द्रवगतीची उपपत्ती हीच. थंड, वारा, गोड, आंबट यांनी द्रव हलतो आणि पल्पकडच्या मज्जातंतूंना कळतं. पल्पलगत चौरस मिलिमीटरला ४५ ते ६५ हजार नळ्या, प्रत्येक अंदाजे २.५ मायक्रॉनची. इनॅमलकडे १५ ते २० हजार आणि व्यास १ मायक्रॉनच्या आत. म्हणून तेवढाच बर तळाशी फिरला की जास्त लागतं.

झीज हळू असेल तर दात दोन गोष्टी करतो. नळीच्या आतल्या भिंतीवर खनिज चढवून ती बुजवतो, ते स्क्लेरोटिक डेंटिन, काचेसारखं पारदर्शक दिसतं. आणि पल्पच्या बाजूनं नवा थर घालतो. वर्षानुवर्षांच्या झिजेला दोन्हीला वेळ मिळतो, म्हणून भाकरीवाल्याला पाणी लागत नाही. आंबट पेयं मात्र वरचा बुजवलेला भाग विरघळवून नळ्यांची तोंडं पुन्हा उघडतात, त्यात पेयानंतर लगेच घसाघसा ब्रश मारला की आणखी वाईट. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट तंतूंचं कळवणं मंद करते, नळी बुजवत नाही. त्यामुळे दोन दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब फेकून देऊ नये, काही आठवडे लावावी.

मानेच्या खाचा मशेरीच्या खरबरीत भुकटीनं आणि आडव्या घासण्यानं. हिरडी खाली गेली की तिथं इनॅमल नसतं, पातळ सिमेंटम लगेच निघून जातं. अशा जुन्या, गुळगुळीत, चमकदार खाचेत भरताना नेहमीचा आम्ल देऊन बाँड (भरण चिकटवणारा रेझिनचा थर) केला की भरण महिन्याभरात टपकन पडतं, कारण बुजलेल्या नळ्यांत रेझिन शिरत नाही. वरचा चमकता थर बरनं हलका खरवडून मगच बाँडिंग. आणि डेंटिनवर आम्ल १५ सेकंद पुरे, धुतल्यावर हवा मारून खडखडीत वाळवायचं नाही. कोलाजेनची जाळी कोसळली की रेझिन वरच्यावर राहतं.

दंतकथा, मंगळवार दुपारी १.१५

'टपकन पडतं' यात आवाजाचा अनुभव दिसतो.

कृष्णाकाठ, मंगळवार रात्री ९.४०

आता हळदबाजार यांच्या मुळावर येतो. टर्शरीची दोन पोटं आहेत आणि तिथेच 'एकच पेशी' हे म्हणणं मोडतं.

चिथावणी सौम्य असेल, कीड सावकाश, झीज, जरा खोल भरण, तर मूळची ओडोंटोब्लास्ट जिवंत राहते आणि पुन्हा जोर धरते. हे रिअ‍ॅक्शनरी. इथे तुमचं बरोबर. पण कीड वेगानं धावली किंवा पल्प उघडा पडला तर ती पेशी मरते, आणि ती पुन्हा विभागून तयार होत नाही. मग पल्पच्या आतल्या कोवळ्या पेशी तिथे येतात, ओडोंटोब्लास्टसारखं रूप घेतात आणि थर घालतात. हे रिपॅरेटिव्ह. गवंडी मेला, त्याच्या जागी बिगारी आला. भिंत उभी राहते पण वीट वेगळी: नळ्या कमी, वेड्यावाकड्या, कधी नसतातच, आणि घाईघाईत पेशी आतच गाडल्या जातात, तेव्हा त्याला ऑस्टिओडेंटिन म्हणतात.

गंमत म्हणजे इशारा डेंटिनमधूनच येतो. घडताना त्यात टीजीएफ-बीटा सारखे वाढघटक गाडले गेलेले असतात, कीड त्यांना मोकळं करते. घरफोड झाली की भिंतीतला गजर वाजतो तसं.

बेदाणा, मंगळवार रात्री ९.५५

मग हा बिगारी कितपत झटपट काम करतो? कॅपिंग (उघड्या पल्पवर औषध लावून झाकणं) केलं, महिन्यानं एक्स-रे काढला, भिंत दिसेना म्हणून आरसीटी लिहून देतात.

माणदेशी, मंगळवार रात्री १०.२०

महिन्यात दिसणारच नाही. हिशेब करा. नव्या पेशी जमून कामाला लागेपर्यंत साधारण ३ आठवडे जातात. पुढचे ३ आठवडे दिवसाला सुमारे ३.५ मायक्रॉन, मग ०.७ च्या आसपास, आणखी पुढे ०.२. चार महिन्यांची बेरीज जेमतेम ०.१ मिमी. एवढ्यात आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) पांढरी रेघ शोधणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या आठवड्यात ऊस तोडायला जाणं. सहा महिने, एक वर्ष, आणि त्यातही आधी लक्षणं आणि थंडची चाचणी बघायची, रेघ नंतर.

डॉ_सुळा, बुधवार सकाळी ७.१५

म्हणूनच खोल किडीत भिंत बांधून घेण्यापेक्षा असलेली भिंत वाचवणं स्वस्त. पल्पवर ०.५ मिमी डेंटिन शिल्लक असेल तर ओडोंटोब्लास्ट बहुधा तग धरतात. ०.२५ च्या खाली गेलं की मोठ्या संख्येनं मरतात.

दात जिवंत आहे, आपोआप ठणकत नाही, थंडची कळ काही सेकंदांत जाते, मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काही नाही, हे आधी नक्की करायचं. रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर पुढचं सगळं विसरा. रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावायचा. कडेची कीड पूर्ण, कडक डेंटिन लागेपर्यंत काढायची, कारण भरणाची सील तिथे बसणार. पल्पच्या बाजूला मात्र स्पूननं चामड्यासारखा थर लागला की थांबायचं. आणि फार खोल असेल, थांबलो नाही तर उघडं पडेल असं दिसत असेल, तर मऊ थरसुद्धा ठेवायचा. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही हेच आहे, 'निवडक काढणी' म्हणतात. वर त्याच बैठकीत पक्कं भरण.

बहुतेक वेळा चूक तळाशी नसते, कडेला असते. कडेला मऊ भाग राहिला, लाळ शिरली, तात्पुरती सिमेंट सहा महिने तशीच राहिली, की आतल्या जंतूंना रसद सुरू. उपाशी ठेवले तर तिथेच थंड पडतात आणि चामड्यासारखा थर वाळून घट्ट होतो.

अजिंक्यतारा, बुधवार सकाळी ९.००

इथे मी डॉ_सुळा यांच्याशी थोडा भांडतो. 'मऊ ठेवा' हे वाक्य आळशी हाताला फार आवडतं. कडा साफ न करता सगळंच ठेवलं जातं आणि नाव निवडक काढणीचं. कडेपासून २ ते ३ मिमी कडक आणि स्वच्छ हे आधी, मग तळाची दया.

आणि उघडं पडलंच तर: अडीच टक्के हायपोक्लोराइटचा बोळा हलक्या दाबानं, ५ मिनिटांत रक्त थांबलं तर कॅपिंग, नाही थांबलं तर वरचा २ मिमी पल्प काढून पुन्हा तेच. रक्ताची गुठळी ठेवून तिच्यावर काही लावायचं नाही, वरचं औषध पल्पला लागतच नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड जुनं, स्वस्त, पीएच १२ च्या वर. भिंत करतं पण भिंतीत बोगदे राहतात, आणि औषध कालांतरानं विरघळून खाली पोकळी होते. एमटीए (कॅपिंगचं सिमेंट) टिकतं, पण घट्ट व्हायला पावणेतीन तास आणि पुढच्या दातांत काळपटपणा. बायोडेंटिन (त्याच कामाचं दुसरं सिमेंट) १२ मिनिटांत. पण कॅप्सूल आधी हलकेच आपटून भुकटी मोकळी करा, द्रवाचे थेंब पाचच, यंत्रात ३० सेकंद. सहावा थेंब पडला की मिश्रण पातळ होतं, बसत नाही आणि बायोडेंटिनला शिव्या बसतात.

डॉ_सुळा, बुधवार सकाळी ९.१२

भांडण मान्य. 'कडा आधी' हे माझ्या पोस्टमध्येही आहे, पण तुमच्या आवाजात जास्त शोभतं.

औंधकर, बुधवार दुपारी ४.३०

दंतवैद्यांच्या भांडणात एक हत्ती सोडतो. हत्तीचा सुळा म्हणजे वरचा पुढचा दातच, टोकाला थोडं इनॅमल असतं तेही लवकर झिजतं, बाकी जवळपास सगळं डेंटिन. आयुष्यभर वाढत राहतो कारण आतली ओडोंटोब्लास्टची रांग काम थांबवत नाही. आडव्या कापावर नळ्यांच्या वळणांमुळे एकमेकांना छेदणाऱ्या कमानी दिसतात, श्रेगरच्या रेघा. बाहेरच्या भागात त्यांचा कोन सरासरी ११५ अंशांच्या वर असेल तर हत्ती, ९० च्या खाली असेल तर मॅमथ. प्लास्टिकच्या नकलेत या रेघा नसतात. औंधच्या संग्रहालयात हस्तिदंती काम बघताना कापलेली कड शोधा.

दंतकथा, बुधवार दुपारी ४.३६

सांगलीच्या गणपतीनं मोडलेल्या दातात रिपॅरेटिव्ह की रिअ‍ॅक्शनरी?

औंधकर, बुधवार दुपारी ४.५०

मोडीत पल्प उघडा पडला असेल तर रिपॅरेटिव्ह. त्यानं त्या दातानं लिहिलं म्हणतात, म्हणजे टोक कठीण होतं, उघडा पडला नसावा.

हळदबाजार, बुधवार रात्री ९.०५

माझी पहिली पोस्ट दुरुस्त करतो: एक पेशी नव्हे, गवंडी आणि बिगारी. आणि वेगळं ओळखायची गरजही कळली. उरला प्रश्न स्लाइडचा. मुलांना तिन्ही एकसारखे पिवळे दिसतात. आणि काळे पट्टे दिसले की 'डेड ट्रॅक्ट' (पेशी मेल्यावर रिकाम्या राहिलेल्या नळ्या) म्हणून मोकळे होतात.

कृष्णाकाठ, बुधवार रात्री १०.१०

नळ्यांवरून वाचा, रंगावरून नको. नळ्या सलग, एक वळण, आणि थर पल्पभोवती सगळीकडे असेल तर सेकंडरी. नळ्या सलग, पण थर फक्त दुखावलेल्या नळ्यांच्या बुडाशी उशीसारखा असेल तर रिअ‍ॅक्शनरी. नळ्या तुटल्या, मधे आडवी रेघ, पलीकडे तुरळक नळ्या किंवा गाडलेल्या पेशी, तर रिपॅरेटिव्ह. पल्पच्या खोलीचा आकार आधी बघून घेतला तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पेशी बघायच्या तर डीकॅल्सिफाइड (खनिज काढून टाकलेला) काप, नायट्रिक आम्लातला. त्यात इनॅमल विरघळून जातं, रिकामी जागा राहते, ती बघून 'इनॅमल पांढरं' असं लिहू नये. डेड ट्रॅक्ट, इंटरग्लोब्युलर, मुळातला टोम्सचा दाणेदार थर हे सगळं ग्राउंड सेक्शनमध्ये, कारण ते काळे दिसतात ते आत अडकलेल्या हवेमुळे.

दात आधी कापून पातळ चकती घ्या, मग भरड दगडावर पाण्यानं, नंतर बारीक दगडावर, शेवटी काचेवर प्युमिसनं, ५० मायक्रॉनच्या आसपास येईपर्यंत. बोटानं दाब सगळीकडे सारखा, नाहीतर कड आधी उडते आणि मँटल थर गायब होतो. घासताना कोरडं पडू देऊ नका, उष्णतेनं तडे जातात आणि मुलं त्यांना लॅमेली (इनॅमलमधल्या मूळच्या भेगा) म्हणतात. काप पूर्ण वाळवून मगच चढवा आणि बाल्सम (काप काचेवर चिकटवणारी राळ) घट्ट घ्या.

हळदबाजार, बुधवार रात्री १०.२२

बाल्सम घट्टच का? आमच्याकडे झायलिन घालून पातळ करतात, लवकर पसरतो म्हणून.

कृष्णाकाठ, बुधवार रात्री १०.२६

तिथेच तर डेड ट्रॅक्ट हरवतात. पातळ बाल्सम नळ्यांत शिरतो, हवा बाहेर येते, काळे पट्टे पारदर्शक होतात. तुमच्या जुन्या पेटीतल्या स्लाइडवर एकही काळा पट्टा नसेल तर दाताला दोष देऊ नका.